जळाऊ लाकूड आणि वनपुनरुज्जीवन : दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडण्याची पद्धत

जगभरात दरवर्षी तोडल्या जाणाऱ्या लाकडापैकी जवळपास निम्मे लाकूड केवळ इंधन म्हणून जळते, आणि सुमारे २०० कोटी माणसांचा रोजचा स्वयंपाक आजही लाकूड, लाकडी कोळसा, गोवऱ्या किंवा पिकांचे अवशेष यांवर होतो. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील ज्या भागांत हे घडते, त्याच भागांत उजाड झालेले वन परत उभे करण्याचे कार्यक्रमही राबवले जातात. बहुतेक ठिकाणी मात्र सरपणाचा विचार एक खाते करते आणि रोपवनाचा विचार दुसरे खाते करते. मग लावलेली रोपे मोठी होण्याआधीच मोळीत बांधली गेली की दोष गावकऱ्यांवर ढकलला जातो. माझ्या मते तो दोष आखणीचा असतो, कारण चुलीला रोज किती लाकूड लागते हे न विचारता वनाचा नकाशा काढलेला असतो.

लाकूड जाळणे म्हणजे वन संपवणे, हे समीकरणही सर्वत्र खरे नाही. २००९ सालच्या इंधनतोडीवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार उष्ण कटिबंधातील जळाऊ लाकडापैकी २७ ते ३४ टक्के लाकूडच नैसर्गिक वाढीपेक्षा जास्त तोडले गेले होते. हा भार सगळीकडे सारखा नव्हता. पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आशियातील काही पट्ट्यांत तो एकवटलेला होता आणि अशा पट्ट्यांत सुमारे २७.५ कोटी माणसे राहत होती. म्हणून आपले क्षेत्र नेमके कोणत्या स्थितीत आहे, हे आधी मोजूनच ठरवावे लागते. गावसमिती, संस्था किंवा वनकर्मचारी यांना हे काम कोणत्या क्रमाने करता येईल, ते पुढे दिले आहे.

पहिली पायरी : चुलीचे मोजमाप

“तुम्हाला किती सरपण लागते?” या प्रश्नाला मिळणारी उत्तरे भरवशाची नसतात, कारण मोळी हे माप घरागणिक आणि ऋतूगणिक बदलते. त्याऐवजी लहान-मोठ्या, जमीन असलेल्या आणि भूमिहीन अशा निरनिराळ्या स्थितीतील तीस-चाळीस घरे निवडावीत. प्रत्येक घरातील लाकडाचा साठा सकाळी ताणकाट्यावर तोलून वेगळा ठेवावा, घरच्यांनी त्याच साठ्यातले लाकूड वापरावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले पुन्हा तोलावे. असे सलग सात दिवस करावे आणि त्या दिवसांत किती माणसे जेवली, हेही लिहून ठेवावे. हेच मोजमाप पावसाळ्यात आणि थंडीत एकेकदा पुन्हा करावे. ओले आणि वाळलेले लाकूड एकाच वजनाने मोजल्यास हिशेब बिघडतो, म्हणून प्रत्येक घरातील दोन-तीन तुकडे बाजूला काढून, वजन स्थिर होईपर्यंत वाळवून, त्यांतील पाण्याचे प्रमाण काढावे.

समजा, २०० घरांच्या वस्तीत दर घरी ५ माणसे आहेत आणि माणशी वर्षाला ५०० किलो वाळलेले लाकूड लागते. म्हणजे वस्तीची गरज वर्षाला ५०० टन झाली. विटा भाजणे, गूळ उकळणे किंवा मासे धुरवणे असे व्यवसाय असतील, तर त्यांचे लाकूड वेगळ्या रकान्यात मांडावे. शहराकडे जाणारा लाकडी कोळसा तर अजिबात विसरू नये. पुष्कळदा गावाच्या चुलींपेक्षा दूरच्या शहराच्या शेगड्याच वन जास्त खातात, आणि त्या कोळशाची नोंद गावाच्या कोणत्याही कागदावर नसते.

दुसरी पायरी : जमीन दरवर्षी किती देऊ शकते

आता वहीची दुसरी बाजू. वनातील उभा साठा किती आहे, यापेक्षा तो वर्षाला किती वाढतो, हे इथे महत्त्वाचे असते. ज्या भागाची शेवटची तोड किती वर्षांपूर्वी झाली हे गावातील जाणत्यांना ठाऊक आहे, अशा तीन-चार ठिकाणी प्रत्येकी १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौकोन आखावा. त्यातील जळाऊ जाडीचे लाकूड कापून तोलावे आणि वाळलेल्या वजनात रूपांतरित करावे. असा चौकोन हेक्टरचा शंभरावा भाग असतो. आठ वर्षांच्या वाढीच्या चौकोनातून १२० किलो लाकूड मिळाले, तर हेक्टरी साठा १२ टन आणि वार्षिक वाढ दीड टन झाली. कोरड्या, झिजलेल्या झाडोऱ्यात याच्या आसपासचे किंवा याहून कमी आकडे सहज येतात, त्यामुळे ते पाहून निराश होण्याचे कारण नाही.

वाढ दीड टन आहे म्हणून दीड टन तोडायचे नसते. बीजवृक्ष, ढोलीची जुनी झाडे, ओढ्याकाठची झाडी आणि मातीला परत मिळायचा पालापाचोळा यांसाठी किमान तिसरा हिस्सा सोडावा. म्हणजे हेक्टरी १ टन हाती राहतो. वस्तीजवळ ३०० हेक्टर वन असेल, तर वर्षाला ३०० टन मिळतील आणि २०० टनांची तूट राहील. ही तूट म्हणजेच वनाचा दरवर्षी होणारा ऱ्हास.

ती भरून काढण्याचे मार्गही याच वहीत सापडतात. लाकूड नीट वाळवले आणि चुली सुधारल्या तर गरज पाव हिश्श्याने कमी होऊ शकते, म्हणजे ५०० टनांची ३७५ टनांवर येते. उरलेली ७५ टनांची तूट शेतांवर भरून काढता येते. हेक्टरी ४० झाडे राखली आणि प्रत्येकाच्या छाटणीतून वर्षाला साधारण १२ किलो लाकूड मिळाले, तर हेक्टरी सुमारे अर्धा टन होतो आणि १५० हेक्टर शेती पुरेशी ठरते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक वस्तीने आपले आकडे घालून ही बेरीज-वजाबाकी गावसभेत सर्वांसमोर मांडावी. तूट गरजेच्या निम्म्याहून अधिक निघाली, तर केवळ वनावर अवलंबून राहता येणार नाही हे स्पष्टपणे सांगावे आणि गॅस, वीज, बायोगॅस यांची सोय पहिल्या वर्षापासून योजनेत धरावी.

तिसरी पायरी : झाड कोणाचे, हे ठरवणे

ज्या झाडाची फांदी उद्या दुसराच कोणी तोडून नेईल, ते झाड आज कोणी राखत नाही. पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशात वसाहतकाळापासून शेतातील झाडेही सरकारची मानली जात, त्यामुळे शेतकऱ्याला उगवते खोड उपटून टाकणेच सोयीचे वाटे. १९८०च्या दशकात अंमलबजावणी सैल झाली आणि झाड आपले आहे ही भावना रुजली, तेव्हा शेतांतली झाडी परत येऊ लागली. नेपाळमध्ये १९९३च्या वन कायद्याने उपभोक्ता गटांना, म्हणजे वन वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांना, वनाचे व्यवस्थापन आणि त्यातील उत्पन्न दिले. आज तिथे असे २० हजारांहून अधिक गट आहेत.

म्हणून काम सुरू करण्याआधी सीमा, तोडीचा हक्क, तोडीचा काळ, उत्पन्नाची वाटणी आणि नियम मोडल्यास होणारा दंड हे सर्व लेखी ठरवावे आणि वनखात्याची मान्यता घ्यावी. या बैठकीला मोळी वाहणाऱ्या स्त्रिया, भूमिहीन कुटुंबे आणि ठरावीक हंगामात येणारे पशुपालक हजर असलेच पाहिजेत. त्यांना वगळून घातलेली कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी कागदावर यशस्वी दिसते. प्रत्यक्षात तोड शेजारच्या वनात सरकते आणि स्त्रियांची पायपीट वाढते.

चौथी पायरी : रोपांआधी खुंट पाहणे

या संपूर्ण कामात मला सर्वांत मोलाची वाटणारी पायरी हीच आहे, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा वगळली जाते. १९८०च्या दशकाच्या आरंभी टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ नायजरच्या माराडी भागात रोपवनाचे काम करत होते आणि लावलेली बहुसंख्य रोपे मरत होती. १९८३ साली त्यांच्या ध्यानात आले की, ओसाड रानातली खुरटी झुडपे ही झुडपे नसून तोडलेल्या झाडांच्या खुंटांना आलेले फुटवे आहेत. जमिनीखाली मुळांचे जाळे जिवंत होते. त्यावरची वाढ मात्र दरवर्षी कापली, चारली किंवा जाळली जात होती. फुटवे निवडून राखण्याची ही पद्धत शेतकऱ्यांनी एकमेकांकडून उचलली आणि पुढील दोन दशकांत नायजरमधील सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडी उभी राहिली, तीही जवळजवळ सर्वस्वी रोपे न लावता.

कृती सोपी असली तरी ती काळजीपूर्वक करावी लागते. कोरड्या हंगामात, नवी पालवी फुटण्याच्या आधी क्षेत्र पायी फिरून जिवंत खुंटांवर खुणा कराव्यात. साल नखाने खरवडल्यावर आत हिरवेपणा दिसला, तर खुंट जिवंत आहे. प्रत्येक खुंटावर सरळ, जोमदार आणि एकमेकांपासून दूर असलेले तीन ते पाच फुटवे ठेवावेत आणि बाकीचे धारदार कोयत्याने खालून वर असा घाव घालून काढावेत. वरून खाली घाव घातल्यास साल फाटते आणि खुंट कुजतो. राखलेल्या फुटव्यांच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या छाटाव्यात. दर दोन ते सहा महिन्यांनी पुन्हा फिरून नवे फुटवे काढावेत. पहिल्या वर्षी या छाटणीतून बारीक काटक्या मिळतात. पुढे दरवर्षी एक जाड फुटवा तोडून त्याच्या जागी एक नवा वाढू दिला, तर झाड उभे राहते आणि सरपणही अखंड मिळते.

वनक्षेत्रात याला चराईबंदीची जोड लागते. टांझानियातील शिन्यांगा भागात कोरड्या हंगामातील चाऱ्यासाठी कुरणे राखून ठेवण्याची, ‘न्गितिली’ नावाची जुनी रीत होती. १९८६ साली सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमाने बाहेरची पद्धत लादण्याऐवजी हीच रीत पुन्हा उभी केली. तेव्हा नोंदलेले जेमतेम ६०० हेक्टरांचे राखीव क्षेत्र २००० नंतरच्या काही वर्षांत ३ लाख हेक्टरांच्या पुढे गेले. राखलेल्या क्षेत्रातील गवत कापून नेण्याची मुभा द्यावी. त्यामुळे जनावरांची सोय होते, आणि कोरड्या हंगामात वणव्याला खाद्यही कमी मिळते. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे, हंगामाच्या आरंभीच साफ कराव्यात, कारण एका वणव्यात चार वर्षांचे फुटवे जातात.

पाचवी पायरी : कूप पाडून तोड

तोडीचे चक्र आठ वर्षांचे असेल तर वनाचे आठ कूप, म्हणजे पाळीपाळीने तोडायचे भाग, पाडावेत आणि दरवर्षी एकाच कुपात तोड करावी. आपल्या उदाहरणातील ३०० हेक्टरांत एक कूप साडेसदतीस हेक्टरांचा होतो आणि हेक्टरी १२ टनांच्या साठ्यातून ८ टन घेतले, तर वर्षाचे ३०० टन भरतात. कुपाच्या हद्दी ओढा, वाट, मोठा खडक अशा कायम खुणांवर ठरवाव्यात. दर हेक्टरी वीस-तीस बीजवृक्ष रंगाने खूण करून राखावेत. तीव्र उतार आणि ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा तोडीतून पूर्णपणे वगळावा.

खोड जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, किंचित तिरपे कापावे, म्हणजे पाणी वरून निथळून जाते. तोड कोरड्या हंगामाच्या अखेरीस करावी. भर पावसात कापलेल्या खुंटाला बुरशी लागते. पाने आणि बोटाएवढ्या बारीक काटक्या जागेवरच पसराव्यात, कारण लाकडाच्या वजनाच्या मानाने त्यांत पोषणद्रव्ये कितीतरी जास्त असतात. मात्र त्यांचे ढीग खुंटावर रचू नयेत. तोडलेला कूप फुटवे जनावरांच्या तोंडापेक्षा उंच जाईपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षे, चराईसाठी बंद ठेवावा. सगळी झाडे खुंटातून फुटत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. बहुतेक पाइन आणि सुरू यांना फुटवे नीट येत नाहीत, आणि फार जुन्या, जाड खुंटांचा जोरही ओसरलेला असतो.

उजाड झालेल्या वनात पहिल्या दिवशी आठ वर्षांचा साठा उभा नसतो. म्हणून पहिली तीन-चार वर्षे फक्त वाळलेले लाकूड आणि विरळणीतून निघालेले फुटवेच घ्यावेत. योजना मोडण्याचा खरा धोका याच वर्षांत असतो, त्यामुळे चुली, वाळवण आणि शेतातील छाटणी यांचे काम पहिल्याच वर्षी सुरू झाले पाहिजे.

सहावी पायरी : लागवड, जिथे मुळेच उरली नाहीत तिथे

जिथे खुंट नाहीत आणि आसपास बीजवृक्षही नाहीत, तिथेच रोपे लावावीत. आधी समतल चर, दगडी बांध किंवा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल भागात खणतात तसे अर्धचंद्राकृती खड्डे करून पाणी अडवावे. स्थानिक जातींचे मिश्रण वापरावे. सरपणासाठी वेगळा तुकडा हवा असेल, तर लवकर वाढणारी आणि खुंटातून फुटणारी झाडे २ मीटर अंतरावर लावता येतात. त्या अंतराने हेक्टरी २,५०० रोपे बसतात. गिरिपुष्प फांद्यांपासून लागते आणि मातीत नत्रही धरते. सुबाभूळ बियांनी पसरते, म्हणून तिची छाटणी शेंगा धरण्यापूर्वी करावी. शेतासाठी आफ्रिकेतील फायधर्बिया अल्बिडा हे झाड विशेष उपयोगी आहे, कारण ते पावसाळ्यात पाने गाळते आणि पिकावर सावली धरत नाही.

वेडी बाभूळ मात्र लावू नये. केनियातील बारिंगो आणि इथिओपियातील अफार या भागांत सरपण आणि मृद्संधारण याच हेतूने आणलेल्या या झाडाने पुढे चराऊ जमिनीच व्यापल्या. जिथे ती आधीच माजली आहे तिथे सरपणासाठी आणि कोळशासाठी सर्वांत आधी तीच तोडावी, आणि परत फुटू नये म्हणून जमिनीखालचा कंदही काढावा. नैसर्गिक गवताळ माळांवरही झाडांची दाटी करू नये. तो उजाड झालेला वनप्रदेश नसून स्वतंत्र परिसंस्था असते.

सातवी पायरी : वाळवण आणि चूल

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मे पाणी असू शकते. असे लाकूड किलोमागे सुमारे ८ मेगाज्यूल उष्णता देते, तर २० टक्के पाणी उरेपर्यंत वाळवलेले लाकूड १४ ते १५ मेगाज्यूल देते. ओले लाकूड धूरही फार करते, कारण पाणी उकळण्यात उष्णता खर्च होऊन ज्वाला थंड पडते आणि वायू अर्धवट जळतात. म्हणून लाकूड फोडावे, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर वारा खेळेल असे रचावे, वरून छप्पर द्यावे आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. फोडलेले लाकूड वाळायला ऋतूप्रमाणे काही महिने लागतात. खूण म्हणून ठेवलेल्या तुकड्याचे वजन पंधरवड्याने सारखेच भरले, की ढीग वापरायला काढावा. या एका पायरीला पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो एका हंगामाचा आगाऊ साठा.

सुधारित चुलींपैकी रॉकेट चुलीची रचना १९८२ साली लॅरी विनियार्स्की यांनी मांडली. तिच्यात आखूड उभी, उष्णतारोधक ज्वलननळी असते आणि लाकडाची फक्त टोके जळतात. केनियात १९८०च्या दशकात पसरलेल्या मातीच्या अस्तराच्या ‘जिको’ शेगडीने कोळशाची तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत बचत केली. चूल निवडताना ती आधी दहा-वीस घरांत चार महिने वापरून पाहावी आणि पहिल्या पायरीतील सात दिवसांचे मोजमाप पुन्हा करावे. नव्या चुलीशेजारी जुनी तीन दगडांची चूलही पेटत राहते, त्यामुळे प्रयोगशाळेतील बचत घरात दिसत नाही. आरोग्याच्या बाबतीत खोटे आश्वासन देऊ नये. मलावीत झालेल्या मोठ्या चाचणीत पंखा असलेल्या सुधारित चुलींमुळे लहान मुलांचा न्यूमोनिया कमी झाल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. धुराडे किंवा स्वयंपाकघराला पुरेसा वारा हवाच, आणि ज्या घराला गॅस किंवा वीज परवडते त्या घराला लाकडावर थांबवून ठेवू नये.

आठवी पायरी : कोळसाभट्टी

गावात कोळसा पाडला जात नसेल, तर ही पायरी सोडून द्यावी. पाडला जात असेल, तर बंदीपेक्षा भट्टी सुधारणे अधिक उपयोगी ठरते, कारण बंदीमुळे कोळसा थांबत नाही, तर तो रात्री आणि घाईघाईने पाडला जातो. घाईच्या मातीच्या भट्टीत १ किलो कोळशाला ८ किलो लाकूड जाते. म्हणजे १२० मेगाज्यूलचे लाकूड जाळून ३० मेगाज्यूलचा कोळसा हाती येतो. धुराडे असलेल्या, नीट रचलेल्या कासामान्स भट्टीसारख्या भट्टीत हेच काम ४ किलोंच्या आसपास होऊ शकते.

फरक मुख्यतः निगराणीचा असतो. लाकूड आधी वाळवावे, सारख्या जाडीचे तुकडे घट्ट रचावेत, फटी बारीक काटक्यांनी भराव्यात आणि वर पाला व मातीचा थर द्यावा. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे पाणी जात असते. धूर विरळ आणि निळसर झाला, की त्या बाजूची हवेची भोके बुजवावीत. मातीला पडणारी प्रत्येक भेग लगेच लिंपावी. भट्टी सोडून झोपी जाणे म्हणजे कोळशाची राख करणे होय. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये.

विक्रीतील पैसा गावात राहिला, तरच ही शिस्त टिकते. नायजरने १९९२ साली ग्रामीण लाकूडबाजारांना कायदेशीर चौकट दिली. तिथे गावाने ठरलेल्या कोट्यातले लाकूड अधिकृत बाजारात विकायचे आणि कराचा एक हिस्सा गावाकडे व वनाच्या निगेसाठी ठेवायचा, अशी व्यवस्था होती. कार्बन श्रेयांच्या, म्हणजे वाचवलेल्या कार्बन उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, पैशावर मात्र सगळी योजना उभारू नये. चुलींच्या प्रकल्पांना प्रत्यक्ष बचतीच्या कितीतरी पट श्रेये दिली गेल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, आणि तेव्हापासून अशा प्रकल्पांची तपासणी कडक होत आहे.

नववी पायरी : नोंदवही

दर कुपात दोन ठिकाणी खुंट्या रोवून, दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच दिशेने छायाचित्र घ्यावे. तोडीचे वजन कुपाच्या वाटेवरच तोलून लिहावे. तोडीनंतर वर्षभराने शंभर खुंट मोजून त्यांतले किती फुटले ते पाहावे आणि ऐंशीहून कमी फुटले असतील, तर पुढच्या कुपात तोडीचा महिना, खुंटाची उंची आणि चराईबंदी या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. चुलींचे सात दिवसांचे मोजमाप दर दोन वर्षांनी करावे. पाचव्या वर्षी दुसऱ्या पायरीतील चौकोन नव्याने आखून वार्षिक वाढ पुन्हा काढावी. ती हेक्टरी दीड टनाऐवजी सव्वा टनच निघाली, तर तिसरा हिस्सा सोडून हेक्टरी सुमारे ८३० किलो, म्हणजे ३०० हेक्टरांतून साधारण २५० टन उरतात. त्या वर्षीपासून तोड तेवढ्यावर आणावी आणि कमी पडणारे ५० टन कुठून भरून काढायचे, याचा निर्णय गावसभेच्या त्याच बैठकीत घ्यावा.